समाजसेविका की समाजकार्यकर्ती?

कोथरूडच्या एका वाचक बाईंचा प्रश्न आहे: ‘भाचीचं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, एका रुग्णालयात नोकरी करते. लग्नाच्या बायोडाट्यात समाजसेविका लिहिलं की स्थळाकडचे हमखास विचारतात, पगार असतो ना? मग समाजकार्यकर्ती लिहावं का? आणि समाजकल्याण ते वेगळं का?’

ताई, बिनधास्त ‘वैद्यकीय समाजकार्यकर्ती’ लिहा. ‘समाजसेवक’ हा शब्द आता फ्लेक्सवाल्यांनी पळवलाय. वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली ‘युवा नेते, समाजसेवक’ दिसलं की महापालिकेची निवडणूक जवळ आली असं समजायचं.

पण ‘सेवा’ म्हणजे फुकट, हे मात्र खरं नाही. लोकसेवा आयोग, सेवापुस्तक, सेवानिवृत्ती हे सगळे पगारी शब्द आहेत. सेवानिवृत्त माणसाला ‘पगार होता का’ असं कोणी विचारत नाही, उलट पेन्शन किती ते विचारतात! गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा सभासदांनी संस्था देईल तेवढ्या निर्वाहखर्चात भागवायचं ठरलं. थोडक्यात, पूर्णवेळ काम आणि बेताचा पगार. (यातला ‘समाज’ म्हणजे संस्था. फुल्यांच्या 1873 च्या सत्यशोधक समाजातलाही तोच. समाजसेवेतला ‘समाज’ निराळा, तो म्हणजे आपण सगळे लोक.)

‘समाजकार्य’ हा सरळसरळ ‘सोशल वर्क’वरून घडवलेला शब्द. तिकडेही आधी परोपकारच होता. 1869 मध्ये लंडनला स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीचे स्वयंसेवक गरिबांच्या घरी जाऊन मदतीची गरज किती, ते पारखायचे. याच धर्तीवरच्या न्यूयॉर्कच्या संस्थेने 1898 च्या उन्हाळ्यात या कामाचा वर्ग सुरू केला, तोही ‘फिलान्थ्रॉपी’च्या नावाने. अमेरिकेतल्या मेरी रिचमंडबाईंनी 1917 मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ लिहून घरभेटी आणि चौकशीला शास्त्राची शिस्त लावली. आपल्याकडे 1936 मध्ये मुंबईत टाटांची शाळा (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, ‘टिस’) निघाली ती ‘सोशल वर्क’ची. पुण्यात 1963 मध्ये निघालेल्या कर्वे संस्थेच्या नावात मात्र ‘समाज सेवा’च आहे. सरकारी दवाखान्यात भाचीच्या तोडीच्या पदाला आजही ‘समाजसेवा अधीक्षक’ म्हणतात. आणि रुग्णाचे नातेवाईक? ते म्हणतात, ‘एमएसडब्ल्यू मॅडम कुठे बसतात?’

‘समाजकल्याण’ हा सरकारी शब्द. पुण्यातल्या चर्च रोडवरचं आयुक्तालय समाजकल्याणचं आणि मंत्रालयातलं खातं ‘सामाजिक न्याया’चं. लोक प्रत्यय लावून मोकळे होतात: ‘समाजकल्याणचं हॉस्टेल’, ‘निराधारचे पैसे’. या सगळ्यांत जुना शब्द ‘धर्मादाय’. धर्मासाठी दिलेला तो दाय. तो धर्मादाय आयुक्तांच्या पाटीवर अजून ठणठणीत आहे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा ‘निर्धन’ रुग्णांना मोफत आणि 10 टक्के ‘दुर्बल घटकां’ना सवलतीत ठेवाव्या लागतात. बोलताना आपण दोघांनाही गरीबच म्हणतो, पण एकाला बिल लागत नाही आणि दुसऱ्याला लागतं. कोणता रुग्ण कुठे बसतो, हे रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला पाहून ठरतं, आणि ती कागदपत्रं बहुतेकदा आधी तुमच्या भाचीसारखीच्याच टेबलावर येतात. बायोडाट्यात जागा असेल तर हे एक वाक्य घाला, पगाराचा प्रश्न आपोआप मागे पडेल.