पास दिला आणि उभा राहिला

प्रश्न: सर, परळला आमच्या मैदानावर मी संध्याकाळी बारा वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवतो, कोच वगैरे नाही हो, कॉलेजात खेळायचो तेवढंच. प्लॅस्टिकचे कोन लावले की वन-टू (पास देऊन पुढे पळायचं आणि बॉल लगेच परत घ्यायचा) एकदम झकास, रोंडो (गोलात उभं राहून मधल्या पोराला बॉल लागू न देता पास फिरवायचे) पण मस्त, आणि मॅच सुरू झाली की जो तो एकटाच घुसतो नाहीतर पास देऊन बघत उभा. काय चुकतंय?

उत्तर: पोरांचं काही नाही चुकत, गडबड त्या कोनमध्ये आहे. कोन अंगावर येत नाही ना, त्यामुळे पास कधी सोडायचा हे पोराला कळतच नाही आणि वन-टूची सगळी गंमत तिथेच आहे. डिफेंडर लांब असताना दिला तर तो आरामात मागे सरकून पळणाऱ्याला धरतो, अगदी चिकटल्यावर दिला तर बॉल त्याच्याच पायाला लागतो. तो दोन-अडीच मीटरवर आला, पाय टाकायच्या बेतात असला, की सोडायचा. म्हणून मध्ये खराखुरा पोरगा उभा करा, दोघांविरुद्ध एक, साधारण दहा बाय पंधरा मीटरची जागा, शेवटची रेघ बॉलसकट ओलांडली की पॉइंट. आणि पासची सक्ती नको, डिफेंडर पास अडवायला बाजूला सरकला तर सरळ घेऊन जाऊ दे की, तेव्हा बाहेरून ‘अरे पास दे’ ओरडायचं नाही (पालकांना हे कोण सांगणार, तो वेगळा प्रश्न).

रोंडो वाईट नाही, डच कोच योहान क्रायफने बार्सिलोना क्लबात तो रुजवला आणि आज जगभर खेळतात, पण त्यात पास देणारा बहुतेक जागेवरच राहतो. मग पोरं मॅचमध्येही तेच करणार ना! मी आमच्या पोरांना खो-खोचं सांगतो, तिथे खो देऊन बसायचं, इथे खो दिला की तूच पळायचं. लगेच डोक्यात बसतं. 2013 मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबच्या विल्शरने नॉर्विचविरुद्ध मारलेला गोल मोबाइलवर दाखवा, काझोर्ला, जिरू आणि तो, पटापट एकेका टचमध्ये. फक्त बॉलकडे बघू नका म्हणावं, पास दिल्यावर विल्शरचे पाय बघा.

आता भिंत होणारा पोरगा, म्हणजे वन-टूमध्ये बॉल लगेच परत देणारा. तो डिफेंडरच्या पाठीमागे लपला तर काही उपयोग नाही, थोडा बाजूला, अंग अर्धं वळवून, पाच-सात मीटरवर दिसला पाहिजे. परतीचा पास पळणाऱ्याच्या पायात नाही, त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेत. चाळीच्या भिंतीवर तिरका बॉल मारला की तो कसा पुढे निघून येतो, तसंच.

बॉल पाच नंबरचा असेल तर आधी तो बदला, या वयाला चार नंबर. आणि पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की एका टचचा हट्ट सोडा, बॉल मध्येच रुतून बसतो आणि पोरं उगाच शिव्या खातात.

प्रश्न: माझी मुलगी दहा वर्षांची, गोरेगावला बॅचमध्ये बाकी सगळे मुलगे, तिला कोणी पासच देत नाही. क्लास बदलू का?

उत्तर: ताई, इतक्यात नको. आधी कोचना सांगा की सातजणांची मोठी मॅच कमी करून तिघांविरुद्ध तीन खेळवा, एवढ्या कमी पोरांत कोणाला टाळणं सोपं नाही. त्यात तिला थोडे दिवस जोकर करा, म्हणजे बॉल ज्यांच्याकडे त्यांच्या बाजूने ती. सहाच्या सहा पोरांना मग तिची गरज लागते. पण जोकर रोज बदलायचा हं, नाहीतर ती कायमची पाहुणी होऊन बसेल. महिनाभरात फरक नाही पडला तर मात्र खुशाल बदला.