सॉफ्ट बूटवर बरीच वर्षे स्नोबोर्ड चालवत असल्यास पहिला कार्व्हिंग बोर्ड, म्हणजे न घसरता कडेवर कलंडून वळणे घेण्याचा बोर्ड, कोणता घ्यावा?

हार्ड बूटचा अरुंद अल्पाइन बोर्ड लगेच न घेता, आपले सॉफ्ट बूट कायम ठेवून कमरेला (म्हणजे मधल्या अरुंद भागाला) रुंद, कडक, कॅम्बर (मध्यभागी वर उचललेली कमान) असलेला आणि साधारण 9 ते 11 मीटर साइडकट त्रिज्येचा (कडेच्या आत वळलेल्या वक्राच्या त्रिज्येचा) बोर्ड घ्यावा. रुंदीला इतके महत्त्व देण्याचे कारण सरळ भूमितीचे आहे: बाहेरून 31 सें.मी. लांबीचा बूट 25 सें.मी. रुंद बोर्डावर आडवा बांधला, तर दोन्ही बाजूंना तीन-तीन सें.मी. बाहेर राहतो, आणि बोर्ड खोल कलंडताच बुटाचे टोक बर्फात रुतून कड उचलली जाते. अनुभवी माणूससुद्धा अशा वेळी धाडकन आपटतो. म्हणून बुटाचा नंबर न पाहता बुटाच्या तळाची बाहेरची लांबी टेपने मोजावी आणि बोर्डाची रुंदी कमरेपाशी नव्हे, तर बाइंडिंगच्या (बूट बोर्डाला बांधणाऱ्या पकडीच्या) जागी तपासावी. दोन्ही बाइंडिंग पुढच्या दिशेने वळवल्यास, उदाहरणार्थ पुढचे 30 आणि मागचे 15 अंशांवर ठेवल्यास, बूट आणखी आत येतो. सवय व्हायला मात्र दोन-चार दिवस लागतात. त्रिज्येच्या बाबतीत हाव धरू नये, कारण 13-14 मीटरचा बोर्ड वेग आणि मोकळा उतार मागतो, आणि दोन्ही गोष्टी सुट्टीच्या गर्दीत मिळत नाहीत.

हा सल्ला यंत्राने सपाट केलेल्या उतारांपुरताच आहे. उंचवट्यांच्या वाटांवर असा रुंद, कडक बोर्ड गुडघ्यांना नकोसा होतो, तेव्हा जुना बोर्ड विकून टाकू नका.