आराखड्याच्या कामाचे तुकडे पाडण्यापूर्वी हे वाचा

नदीच्या पाणलोट आराखड्यासाठी सर्वेक्षण, पाण्याची तपासणी आणि प्रत्यक्ष आराखडा अशा तीन स्वतंत्र निविदा काढल्यास काम लवकर मार्गी लागेल का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझीच जुनी नस्ती कोणी पुन्हा टेबलावर आणून ठेवल्यासारखे वाटले. ई-निविदेची प्रक्रिया तुम्हाला माहीत असणार, म्हणून त्यात शिरत नाही.

आम्हीही कामाचे तुकडेच पाडले होते. रक्कम लहान म्हणजे मंजुरी खालच्या स्तरावर, असा सोयीचा हिशेब होता. मंजुरीची मर्यादा चुकवण्यासाठी केलेली विभागणी लेखापरीक्षणात आक्षेपार्ह ठरते, याकडे कोणी पाहिले नाही. पण आम्हाला महागात पडले ते दुसरेच. सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने पुलाजवळच्या एका दगडाची पातळी 100.000 मीटर गृहीत धरून नदीचे सगळे आडवे छेद, म्हणजे काठापासून काठापर्यंतच्या पात्राच्या पातळ्या, घेतले. पातळ्या समुद्रसपाटीच्या संदर्भाने हव्यात, हे वाक्य निविदेत नव्हते, आणि ते घालायचे राहिले होते माझ्याकडून. पूररेषेचे गणित करणाऱ्या दुसऱ्या सल्लागाराकडील जुन्या पूरपातळ्या मात्र समुद्रसपाटीपासून मोजलेल्या होत्या, त्यामुळे दोन्ही जुळेनात. तो एक दगड अधिकृत बेंचमार्कशी, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेल्या खुणेशी, जोडून घेतला असता तरी भागले असते, परंतु पुलाच्या दुरुस्तीत तो उखडला गेला होता. तोवर पहिल्या संस्थेचे अंतिम देयक निघाले होते आणि अनामतही परत गेली होती.

फेरसर्वेक्षणाची नस्ती तांत्रिक मान्यतेसाठी ज्या कार्यालयात गेली, त्याचे नाव घेत नाही. तिथून ती पाच वेळा परत आली, दर वेळी एकच शेरा घेऊन. चौथ्या शेऱ्याचे उत्तर तर पहिल्याच पत्रासोबतच्या जोडपत्रात होते. पाचही शेरे एका पत्रात देता आले नसते का? मान्यता हाती पडली तेव्हा नदी दुथडी भरून वाहत होती.

म्हणून माझे मत, थोडे हट्टी वाटले तरी, असे आहे की काम एकाच करारात द्यावे, त्याचे टप्पे पाडावेत आणि पुढच्या टप्प्याच्या सल्लागार-चमूने आधीच्या टप्प्याची माहिती वापरण्याजोगी असल्याचे लेखी दिल्यावरच त्या टप्प्याचे देयक काढावे. निवड केवळ न्यूनतम दरावर करू नये. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मध्ये सल्लागारांसाठी गुणवत्ता व खर्च यांवर आधारित निवडीची पद्धत आहे आणि तीत गुणवत्तेचा भार 80 टक्क्यांपर्यंत ठेवता येतो. समजा, गुणवत्ता व खर्च यांचा भार 70:30 आहे आणि सर्वांत कमी दराला 100 गुण, इतरांना त्या प्रमाणात कमी. एकाला तांत्रिक गुण 90 व दर 30 लाख, दुसऱ्याला 75 व 24 लाख. एकत्रित गुण अनुक्रमे 87 आणि 82.5 होतात, म्हणजे महाग असूनही पहिला निवडला जातो. तुमच्या संस्थेला कोणते खरेदी नियम लागू आहेत, हे लेखा शाखेला विचारून घ्या. मी अभियंता आहे, कायद्याचा जाणकार नाही.

अशी कामे वरचेवर निघत असतील, तर स्पर्धेतून दोन-तीन वर्षांसाठी सल्लागारांची नामिका, म्हणजे निवडलेल्यांची यादी, करून दर आणि कराराचा मसुदा आधीच ठरवावा, म्हणजे प्रत्येक कामाला फक्त कार्यादेश काढायचा उरतो.

कार्यादेशाची तारीख मात्र ऋतू पाहून ठरवा. पुराचे विसर्ग पावसाळ्यातच मोजावे लागतात. उलट आराखड्यातील एखाद्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागणार असेल, तर प्रकल्पापूर्वीच्या मूळ स्थितीची माहिती बहुधा पावसाळा सोडून इतर हंगामातीलही लागते. कार्यादेश जूनमध्ये निघाला आणि मोजमापाची तयारी नसली, तर पुराच्या नोंदींसाठी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावे लागते. आणि हो, कच्ची माहिती संपादनयोग्य स्वरूपात मागायला विसरू नका. आमच्या हाती नुसत्या पीडीएफ फाइली आल्या होत्या.