मावशींच्या आवाजाला पुरस्कार का मिळाला नाही, आणि आता काय करता येईल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मावशींनी आकाशवाणीवर 31 वर्षं उद्घोषक म्हणून काम केलं. पहाटेच्या पहिल्या सभेपासून (प्रसारणाच्या सत्राला आम्ही सभा म्हणतो) रात्रीच्या शेवटच्या निवेदनापर्यंत सगळ्या पाळ्या केल्या, श्रुतिकांमध्ये, म्हणजे रेडिओवरच्या नाटिकांमध्ये, आवाज दिले, आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी आल्या. पुरस्कार एकही नाही. रेडिओ-टीव्हीच्या माणसांसाठी पुरस्कार असतात तरी का, आणि असतील तर मावशींसाठी आता काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी कार्यक्रम अधिकारी म्हणून निवृत्त झालो. पुरस्कारांसाठी प्रवेशिका, म्हणजे स्पर्धेत उतरवायचे कार्यक्रम, तयार करून पाठवणं हे काम मी पुष्कळ वर्षं केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मावशींना एक सांगा: त्यांचं काम कमी पडलं असं अजिबात नाही. आपल्याकडे रेडिओचे पुरस्कार बहुतेक वेळा कार्यक्रमाला मिळतात. परीक्षकांसमोर माणूस जात नाही, त्याची 31 वर्षं जात नाहीत, जातं ते एक ध्वनिमुद्रण. ज्याचा आवाज रोज हवेत जातो आणि हवेतच विरतो, त्याच्याकडे परीक्षकांपुढे ठेवायला काही उरतच नाही. उद्घोषकांचं नेमकं हेच होतं.

आकाशवाणीचे वार्षिक पुरस्कार 1974मध्ये सुरू झाले. त्यातले गट पाहिलेत तर लक्षात येईल: नाटक, रूपक (फक्त आवाजातला माहितीपट म्हणा), संगीत निर्मिती, तरुणांसाठीची युवावाणी, शेती आणि गृह विभागाचे कार्यक्रम, नावीन्यपूर्ण कार्यक्रम. सगळी कार्यक्रमांची नावं. माझ्या अनुभवात मानपत्रावर निर्मात्याचं नाव येतं, लेखकाचं येतं, कधी सहनिर्मात्याचंही येतं. ज्या बाईंनी त्या रूपकाचं निवेदन करताना एका वाक्यात विहिरीचा तळ दाखवला, त्यांचं नाव फार तर संहितेच्या शेवटच्या पानावर असतं. मला हे तेव्हाही खटकायचं आणि आजही खटकतं.

यातला एक पुरस्कार मात्र माणसाच्या नावाचा आहे, राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा लस्सा कौल पुरस्कार. लस्सा कौल श्रीनगर दूरदर्शनचे संचालक होते. 13 फेब्रुवारी 1990 रोजी दहशतवाद्यांनी त्यांना त्यांच्या घराजवळ गोळ्या घातल्या. पुढे 13 फेब्रुवारी हाच दिवस जागतिक रेडिओ दिवस ठरला, तो 1946 साली त्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांचा रेडिओ सुरू झाला म्हणून. तारखा जुळल्या हा योगायोगच, पण आमच्या पिढीतल्या पुष्कळांना त्या दिवशी आधी कौलच आठवतात.

आता प्रवेशिकेचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे कुठे काय हातातून निसटतं ते कळेल. त्या वर्षी प्रसारित झालेलाच कार्यक्रम पाठवायचा. माझ्या वेळी आधी केंद्रावर आम्ही चार-पाच जण बसून ऐकायचो आणि त्यातून निवडलेलं पुढे जायचं. शेवटी दिल्लीत ज्या परीक्षकांसमोर मराठी कार्यक्रम वाजतो, त्यांना मराठी येत असेलच असं नाही. म्हणून संहितेबरोबर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. हे भाषांतर डिसेंबर-जानेवारीच्या धावपळीत, कुणीतरी दुपारच्या चहानंतर उरकून टाकतं. तिथेच घात होतो.

आम्ही एकदा ऊसतोड कामगारांवर रूपक केलं होतं. पहाटे चारला फडात जाऊन ध्वनिमुद्रण केलं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज दुरून जवळ येत जातो, मग पाचटावर पावलं वाजतात, आणि मग उसाच्या बुडाशी पहिला कोयता पडतो. ती एक मिनिट दहा सेकंदं आमच्या ध्वनिमुद्रकाने अशी काही धरली होती की स्टुडिओत ऐकताना अंगावर थंडी यायची. त्या रूपकात एक बाई सांगते, "आमचा एक कोयता, सासऱ्याचा एक कोयता." ऊसतोडीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तिथे कोयता म्हणजे हत्यार तर आहेच, पण मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते, मजुरी कोयत्यावर मोजतात. अख्ख्या रूपकाचा जीव त्या एका शब्दात होता. भाषांतरात काय गेलं? "आमच्याकडे एक विळा आहे, सासऱ्यांकडे एक विळा आहे." ते भाषांतर मी तपासलं होतं आणि सही माझी होती. कार्यक्रम पुढे गेला नाही. का गेला नाही हे कुणी कळवत नाही, पण मला त्या एका ओळीची टोचणी लागून राहिली. त्यानंतर प्रत्येक भाषांतर मी ध्वनिमुद्रण कानाला लावून, ओळीला ओळ जुळवून पाहिलं.

बरं, पुरस्कार मिळो न मिळो, ध्वनिमुद्रण तरी राहायला हवं होतं. इथे दुसरं दुःख आहे. स्पूलच्या, म्हणजे मोठ्या रिळांच्या, काळात पाव इंची टेप सेकंदाला साडेसात इंच या वेगाने फिरायची. म्हणजे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला सव्वाअकराशे फूट टेप. ती महाग आणि मोजून यायची, म्हणून प्रसारण झालं की पुसून पुन्हा वापरायची हा रिवाजच होता. संग्रहासाठी राखून ठेवायच्या टेप्स वेगळ्या काढत, पण त्यात मोठ्या गवयांची गाणी, नेत्यांची भाषणं, गाजलेली नाटकं जात. रोजचं निवेदन कोण राखणार? मी केलेली एक श्रुतिका, जिच्यात दोन ज्येष्ठ कलावंत शेवटचे एकत्र आले होते, ती एका केंद्रावर अशीच पुसली गेली. मी रजेवर होतो. परत आलो तेव्हा त्या स्पूलच्या डब्यावर माझ्याच अक्षरातलं नाव खोडून वर कीटकनाशकांवरच्या भाषणाचं नाव लिहिलेलं होतं.

गीतरामायणाचं उदाहरण घ्या. 1 एप्रिल 1955ला, रामनवमीला पुणे केंद्रावरून ते सुरू झालं आणि वर्षभर चाललं. 56 गीतं. गदिमा आणि बाबूजी घराघरात माहीत आहेत आणि ते योग्यच आहे. पण आठवड्याला एक नवं गीत, वर्षभर, ही कल्पना उचलून धरणारे आकाशवाणीतले सीताकांत लाड किती जणांना माहीत आहेत? तेव्हा वार्षिक पुरस्कार नव्हतेच. नाव टिकलं ते ज्यांनी कुणी आठवणी लिहून ठेवल्या त्यांच्यामुळे. तीच गोष्ट सुधा नरवणे यांची. सकाळी सात-पाचच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या आणि त्यांचा आवाज हे समीकरण एका पिढीच्या कानात पक्कं बसलंय. पण त्या कानांचा पुरावा कुठल्या प्रवेशिकेला जोडता येत नाही.

बाहेर काय चालतं हेही सांगतो. इटलीचा प्री इटालिया 1948पासून आहे, आणि सुरुवातीला तो फक्त रेडिओचा होता. आपल्या आकाशवाणीचे निवेदक मेलविल डिमेलो यांना 1964मध्ये तो गीरच्या सिंहांवरच्या रूपकासाठी मिळाला. हेच डिमेलो गांधीजींच्या अंत्ययात्रेचं धावतं वर्णन सात तास करत होते. ते सात तास लोकांच्या मनात आहेत, पण तो पुरस्कार मिळाला रूपकाला, कारण रूपक पाठवता येतं. अमेरिकेतला पीबडी पुरस्कारही कार्यक्रमाकडे बघूनच देतात, आणि तिथे परीक्षकांचं एकमत व्हावं लागतं. पण मला त्यांची वेगळीच गोष्ट आवडते. जॉर्जिया विद्यापीठात या पुरस्कारासाठी आलेल्या प्रवेशिका जपून ठेवल्या आहेत, जिंकलेल्या आणि हरलेल्याही. छोट्या गावातल्या स्टेशनवरच्या ज्या कार्यक्रमाला काहीच मिळालं नाही, तोही तिथे ऐकायला मिळू शकतो. आपल्याकडे दर वर्षी न निवडलेल्या प्रवेशिकांचं असं कुणी केलं असतं तर मराठी रेडिओचा केवढा मोठा ठेवा हाती लागला असता. मी नोकरीत असताना हे दोनदा लेखी सुचवलं होतं.

टीव्हीचं थोडक्यात सांगतो, कारण तुमचा प्रश्न मुख्यतः रेडिओचा आहे. तिथे पुरस्कार भरपूर आहेत, पण वाहिन्यांच्या सोहळ्यांत वाहिनी आपल्याच मालिकांना गौरवते, ते तेवढ्यापुरतंच धरावं. सगळ्या वाहिन्यांच्या कामाकडे बघणारे इंडियन टेली आणि आयटीए (इंडियन टेलिव्हिजन अकादमी) हे पुरस्कार साधारण 2001पासून आहेत. सह्याद्री वाहिनी नवरत्न आणि हिरकणी असे सन्मान देते, त्यात निरनिराळ्या क्षेत्रांतली माणसं असतात. खाजगी एफएमवाल्यांसाठी आणि जाहिरातीतल्या आवाजांसाठीही वेगळे पुरस्कार आहेत. रापा या रेडिओ-टीव्ही जाहिरात व्यावसायिकांच्या संघटनेच्या पुरस्कारांत जाहिरातींना आवाज देणाऱ्यांची दखल घेतली जाते. मावशींनी कधी जाहिराती केल्या असतील तर त्या जरूर आठवून बघा.

माणसाच्या आयुष्यभराच्या कामाला थेट मिळणारा मोठा सन्मान म्हणजे पद्म. अमीन सायानींना 2009मध्ये पद्मश्री मिळाली. 1952मध्ये रेडिओ सिलोनवर त्यांची गीतमाला सुरू झाली होती, म्हणजे मधे 57 वर्षं गेली. धावतं वर्णन करणारे जसदेव सिंग यांना पद्मश्री 1985मध्ये आणि पद्मभूषण 2008मध्ये. ही नावं इतकी मोठी आहेत की आपण लगेच मागे सरकतो. पण पद्मसाठी कुणीही नागरिक कुणाचंही नाव ऑनलाइन सुचवू शकतो, हे अजून फार जणांना ठाऊक नाही. शिफारशीत जास्तीत जास्त 800 शब्दांत कार्य मांडायचं असतं, आणि मुदत पूर्वी सहसा 15 सप्टेंबरला संपायची, पण ती बदलते, म्हणून यंदाची तारीख आधी बघून घ्या. आजच्या नियमाने डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून नोकरीत असलेले सरकारी कर्मचारी त्यात बसत नाहीत, पण मावशी निवृत्त आहेत. मिळेलच असं मी म्हणणार नाही, शक्यता कमी आहे हे तुम्हालाही कळतं. पण ते 800 शब्द लिहायला बसलात की मावशींचं काम पहिल्यांदाच एका जागी येईल, आणि तोच मजकूर तुमच्या शहरातल्या वाचनालयाच्या, नाट्यसंस्थेच्या, पत्रकार संघाच्या पुरस्कार समितीकडेही पाठवता येईल. या छोट्या संस्था दर वर्षी नावं शोधत असतात. रेडिओचं नाव त्यांच्यासमोर कुणी ठेवतच नाही.

आणखी एक विचारा. मावशींनी नाटक विभागाची स्वर-परीक्षा दिली होती का? आकाशवाणी नाट्यकलावंतांना आणि गायक-वादकांना श्रेणी देते, त्याचं पत्र असतं. ते जुन्या फाइलीत नक्की सापडेल. लोक त्याला सरकारी कागद समजून रद्दीत टाकतात, पण पडद्यामागे बसलेल्या परीक्षकांनी फक्त आवाज ऐकून दिलेली ती पावती आहे. शिफारशीत तिचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात करा.

आता या आठवड्यात करायचं काम. घरातल्या कॅसेट काढा. त्या काळी प्रत्येक उद्घोषकाच्या घरी कुणीतरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून चार-दोन कॅसेट भरलेल्या असतातच, भावाने नाहीतर शेजारच्या मुलाने. लगेच वाजवून बघू नका. बऱ्याच वर्षांनी चालवलेली टेप मशीनमध्ये गुंतते. आधी कॅसेट हाताने, पेन्सिल घालून, एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. मग चांगल्या डेकवर एकदाच वाजवा आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या. दुसऱ्यांदा वाजेल याचा भरवसा नसतो. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली तरी कापू नका, तो आवाज कुठल्या घरात पोचत होता ते त्यातून कळतं.

आणि उतरवताना मावशींना शेजारी बसवा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला त्यांच्याकडून चार गोष्टी लिहून घ्या: अंदाजे वर्ष, कार्यक्रम कोणता, संहिता कुणाची, आणि स्टुडिओत त्या दिवशी काचेपलीकडे कोण होतं. शेवटचं विसरू नका. ड्यूटी ऑफिसर, ध्वनिमुद्रक, तबल्याची साथ करणारे, सगळी नावं मावशींच्याच डोक्यात आहेत आणि दुसरीकडे कुठेही नाहीत.

कॅसेट किती आहेत आणि साधारण कुठल्या वर्षांतल्या आहेत ते इथे कळवा. लेबलवरची अक्षरं लागत नसतील तर फोटो टाका. त्या काळात आमच्याकडे संक्षेप ठरलेले असायचे, ते वाचून द्यायला मी मदत करीन. 800 शब्दांचा कच्चा मसुदा झाला की तोही दाखवा, ओळीला ओळ बघून देतो.