चित्रात रणगाडा नको, मेजरांची ट्रंक काढा

प्रश्न : मी सातारा तालुक्यातल्या एका झेडपीच्या शाळेत शिकवते. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाला आम्ही गावातल्या माजी सैनिकांना बोलवतो, शाल-नारळ होतो, दोन भाषणं होतात, पोरं पेंगतात आणि चित्रकला स्पर्धेत सगळ्यांच्या कागदावर तोच रणगाडा नि तोच तिरंगा. यंदा चित्रकला आणि इतिहास मिळून काहीतरी वेगळं करायचंय, पण खर्च झेपला पाहिजे. काय करता येईल?

उत्तर : मॅडम, शाल-नारळ राहू दे, पण या वेळी मेजरांना शाळेत आणण्याआधी पोरांनाच त्यांच्या घरी पाठवा, चार-चारच्या गटानं. आपल्याकडं हवालदार म्हणून पेन्शनीत आलेला माणूसही गावाचा मेजरच असतो, त्यामुळं पहिला प्रश्न हाच विचारायचा की आजोबा, तुमची रँक नक्की काय होती. आणि सगळे आजोबाच असतील असंही नाही हं, जवानाला पंधरा वर्षं नोकरी झाली की पेन्शन लागते, त्यामुळं चाळिशीच्या आतबाहेर घरी आलेले कितीतरी जण असतात, आणि पोरं मात्र दरवेळी पांढऱ्या मिशाच काढतात.

घरी गेल्यावर ट्रंक बघायला मागायची. आमच्या चुलत्यांची अजून माळ्यावर आहे, काळी, पत्र्याची, एक कोपरा चेपलेला, वर पांढऱ्या पेंटनं नंबर, नाव, पलटण, आणि आता काकी त्यात डांबरगोळ्या टाकून लग्नातली लुगडी ठेवते. तेच चित्र काढू द्या. अक्षरं बघून काढायची म्हणजे सुलेखन आलं, पत्र्यावरचा पोचा शेडिंगनं दाखवायचा म्हणजे चित्रकला आली, आणि पलटणीचं नाव वाचलं की इतिहास आपोआप सुरू होतो. मराठा लाइट इन्फंट्री निघाली तर ट्रेनिंग बेळगावला, तिथनं पुढं कुठं कुठं पोस्टिंग, सगळं नकाशावर दोऱ्यानं जोडा. जुनी पत्रं असतील तर पत्ता बघा, ‘केअर ऑफ ५६ एपीओ’ असं असतं, एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, गावाचं नाव नाहीच, म्हणजे नवरा बर्फात आहे का वाळवंटात हे बायकोला पत्त्यावरनं कळायचंच नाही. आजींनाही विचारायला लावा की मनीऑर्डर उशिरा आली तर काय करायचा, शेत कोण बघायचं. आमच्याकडं आजीच जास्त बोलते असा माझा तरी अनुभव आहे.

१९७१ च्या लढाईतले कुणी असतील तर घाई करा, तेव्हा विशीत असलेला माणूस आता पंचाहत्तरीच्या घरात आहे. पदकं दाखवली तर पोरांनी रिबनचे पट्टे क्रमानं रंगवून घ्यावेत. त्या लढाईसाठी ‘पूर्वी स्टार’ आणि ‘पश्चिमी स्टार’ अशी दोन वेगळी पदकं होती, म्हणजे माणूस कुठल्या आघाडीवर होता ते छातीवरनं वाचता येतं. गोल पदकाच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर नि नाव कोरलेलं असतं, भिंग घेऊन जा. फक्त एक पक्कं बजावा, किती माणसं मारली हे विचारायचं नाही. पोरं विचारतातच.

दुसरं, तुमच्या आसपासच्या काही गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे, या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, अशा मजकुराची. पातळ कागद लावून वरनं मेणाचा खडू आडवा फिरवला की अक्षरं जशीच्या तशी उमटतात. ग्रामपंचायतीला विचारून करा आणि पाटीवर खडू थेट घासू देऊ नका. अपशिंग्याला तर गावाच्या नावातच मिलिटरी आहे, ‘अपशिंगे मिलिटरी’, सहल तिकडं न्या.

आणि ध्वजदिनाचा ध्वज म्हणजे तिरंगा नव्हे! लाल, गडद निळा, फिका निळा, म्हणजे अनुक्रमे लष्कर, नौदल, हवाई दल. १९४९ पासून हे छोटे झेंडे देऊन निधी गोळा करतात. रंग तीनच आणि सरळ पट्टे, पहिलीची पोरं पण करतील. डिसेंबरात नाहीच जमलं तर १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो, लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९५३ साली त्याच दिवशी निवृत्त झाले म्हणून, पण आपल्याकडं तेव्हा संक्रांत, त्यामुळं आदल्या दिवशी तिळगूळ घेऊन उरकावं लागेल.

प्रश्न : आम्ही सांगलीत राहतो. मुलाला शाळेतनं ‘माझे सैनिक आजोबा’ असा प्रोजेक्ट आलाय. सासरे लढाईत जखमी झालेले, त्यावर ते एक शब्द बोलत नाहीत. शिक्षक म्हणतात मुलाखत पाहिजेच.

उत्तर : ताई, आजोबांना अजिबात गळ घालू नका, शिक्षकांना सरळ भेटून सांगा. मुलाला जिल्ह्यातल्याच मुरलीकांत पेटकरांवर करू द्या, वाळवा तालुक्यातल्या पेठचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक आणलं, २०१८ ला पद्मश्री मिळाली. चित्र तलावाचं काढायचं, पाण्याचा निळा रंग भरायला वेळ लागतो. ते काम हॉलमध्ये आजोबांच्या खुर्चीशेजारी बसून करू दे. बोलले तर बोलले, नाहीतर निदान ब्रश धुवायचं पाणी बदलून देतील.