आईला गुडघ्याचा संधिवात आहे. ऑपरेशन किंवा इंजेक्शन न घेता घरच्या घरी आराम कसा मिळेल?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आईला दोन महिने कुठलंही काम करू दिलेलं नाही, जेवणाचं ताटसुद्धा पलंगावर नेऊन देता. ते आधी बंद करा. तेल कुठलं लावायचं ते मागून बघू.

आमच्या घरात हेच घडलंय, म्हणून तोडून बोलतोय. साताऱ्याच्या घरी आई जिना चढताना कुरकुरायची, पण चढायची. थोरल्या भावाने एक्स-रे पाहिला, 'गादी झिजली, वंगण संपलं' हे कुणाकडून तरी ऐकलं आणि तिला पुण्याला फ्लॅटवर घेऊन गेला. सेवेत कसूर नाही. पाणी हातात, रिमोट हातात, वहिनी बिचारी दिवसभर मागेपुढे. दिवाळीला मी गेलो तेव्हा आईला सोफ्यावरून उठवायला दोघं लागत होते. गुडघा तोच होता, मांड्या वाळल्या होत्या. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याला धरून ठेवतो. तो वाळला की सगळा भार सांध्यावर येतो. शिवाय कूर्चेला, म्हणजे त्या गादीला, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि त्यासाठी सांधा हलावा लागतो. हे दादाला समजावून माझं तोंड दुखलं. त्याचं एकच, "तुला आईला कामाला जुंपायचंय."

मग त्याने आठवडी बाजारातल्या कुणा वैद्याची पुडी आणली. काळपट पावडर, कागदात बांधलेली, वर नाव नाही की गाव नाही. आठवड्यात आई तुरुतुरु चालायला लागली! दादाचा विजयी फोन आला. पुढे चेहरा गोल गरगरीत झाला, आटोक्यातली साखर भडकली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहूनच विचारलं, "कुठली पुडी चालू आहे?" अशा पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड कालवलेलं असतं, गुण येतो तो त्याचा. आणि ते एकदम थांबवताही येत नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावं लागतं. आयुर्वेदावर माझा राग नाही. बिननावाच्या पुडीवर आहे.

फरक पडला तो टॉवेलने. पाय लांब करून बसायचं, गुंडाळलेला टॉवेल गुडघ्याखाली ठेवायचा, गुडघ्याने तो खाली दाबायचा, पाच-दहा आकडे म्हणायचे, सोडायचा. असं दहा-पंधरा वेळा, दोन्ही पाय. आई मालिका बघताना करते, जाहिरात लागली की सुरू. नंतर पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, मग खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. पहिले काही दिवस दुखतं. थोडं दुखलं म्हणून सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिलं तर कमी करायचं. गुण दिसायला दीड-दोन महिने जातात, आणि नेमकी तेवढीच सबुरी दादाकडे नव्हती.

बाकी गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच: मांडी घालून बसणं बंद, देशी संडास असेल तर वर कमोडची खुर्ची, सकाळच्या आखडलेपणाला शेक, सूज असेल तर बर्फ. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, निम्मे लोक उलटी धरतात. वजन एक किलो उतरलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, तेव्हा उपासाचा साबुदाणा आणि बटाटा यांचाही विचार करा. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं मलम त्याच्या गोळीपेक्षा पोटाला आणि किडनीला बरंच सौम्य आहे. तेल चोळा हवं तर, चोळल्याने बरं वाटतं, पण तेल मुरून कूर्चा भरून येत नाही.

एक राहिलंच. हे सगळं वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यासाठी. हाताच्या बोटांचे सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा तासभर जात नसेल, तर तो आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असू शकतो. त्याला घरगुती उपाय करत बसाल तर सांधे वाकडे होतील. संधिवाततज्ज्ञाकडे जा, त्याची औषधं वेगळी असतात. गुडघा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

ऑपरेशनच्या विरोधातही मी नाही. रात्रीची झोप उडत असेल, पाय धनुकलीसारखे वाकले असतील, तर गुडघा बदलून घेतलेला बरा. फक्त एवढं लक्षात घ्या की त्या ऑपरेशननंतरही पेशंटला बहुतेक दुसऱ्याच दिवशी उभं करून चालवतात, पलंगावर ताट देत बसत नाहीत. दादाने हे वाचावं.