गावचं युवक मंडळ कोण चालवणार? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मुंबईतल्या बहुतेक कोकणी घरांचं नाव कुठल्यातरी ग्रामस्थ मंडळाच्या वहीत असतं. गिरणगावातल्या चाळींत, गाववाल्यांच्या खोल्यांत सुरू झालेली ही मंडळं आता भांडुप, डोंबिवली, विरारपर्यंत पसरली आहेत. गावातल्या मुलांसाठी काहीतरी करावं, असं त्यातल्या अनेकांना मनापासून वाटतं. या खेपेला आलेले प्रश्न त्याच विषयावरचे आहेत. गावातलं युवक मंडळ स्वतःचा वेळ देऊन चालवणाऱ्या मुलामुलींना तयार कसं करायचं आणि त्यांच्याकडून कोणते उपक्रम करून घ्यायचे, हे तुम्ही विचारलं आहे.

ताई, आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. मुंबई मंडळाने मला युवक प्रमुख केलंय. मे महिन्यात गावी दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं ठरलंय. बारा जण येतील, वय १८ ते २५. एक वक्ते व्यक्तिमत्त्व विकासावर दिवसभर बोलायला तयार आहेत. आणखी काय ठेवू?
(वाचक, भांडुप)

वक्त्यांना एक तास द्या, अख्खा दिवस देऊ नका. गावच्या मुलांमध्ये उत्साह भरपूर असतो. मंडळ अडतं ते बैठकीत. साडेआठची बैठक साडेनऊला सुरू होते, दोघे-तिघेच बोलतात, काय ठरलं ते कोणी लिहून ठेवत नाही आणि पुढच्या महिन्यात त्याच विषयावर तोच वाद पुन्हा होतो. म्हणून पहिला अर्धा दिवस फक्त बैठकीला ठेवा.

ती कशी शिकवायची ते सांगते. बारा जणांपैकी दहा जणांना गोल बसवा आणि एक खराखुरा विषय द्या, उदाहरणार्थ, ‘व्यायामशाळेची चावी कोणाकडे राहणार?’ वीस मिनिटांत निर्णय व्हायला हवा. उरलेल्या दोघांनी बाहेर बसून वहीत दहाही नावं लिहायची आणि जो जितक्यांदा बोलेल तितक्या रेघा त्याच्या नावापुढे मारायच्या. वेळ संपली की ती वही मोठ्याने वाचून दाखवायची. एकाच्या नावापुढे पंधरा-वीस रेघा असतात आणि दोन मुलींच्या नावापुढे एकही नसते. तुम्हाला वेगळं भाषण करावं लागत नाही, सगळ्यांच्या लक्षात येतं. मग त्याच विषयावर पुन्हा बैठक घ्या, या वेळी एक अध्यक्ष आणि एक इतिवृत्त लिहिणारा नेमून. अध्यक्षाला एकच काम द्या: जो बोललेला नाही त्याला नाव घेऊन विचारायचं. शेवटी कोण, काय, कधीपर्यंत करणार हे तीन ओळींत लिहून वाचायचं. ज्या मुलांना हे जमलं, त्यांना मंडळ चालवण्याचं अर्धं काम जमलं.

उरलेल्या वेळात प्रथमोपचार, जमाखर्चाची वही आणि एक लहान प्रत्यक्ष काम घ्या. काम त्याच दिवशी पुरं होणारं हवं: विहिरीभोवतीची जागा साफ करणं, वाचनालयाची कपाटं लावणं, असं. आखणी मुलांनीच करायची, तुम्ही मध्ये पडायचं नाही. संध्याकाळी सगळ्यांनी बसून बोलायचं की काय नीट झालं, कुठे अडलं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं. ही शेवटची बैठक शिबिरांत हमखास गाळली जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत जास्त शिकवते.

प्रशिक्षक मुंबईहूनच न्यायला हवा असं नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत चालू आहे आणि तिचं सात दिवसांचं निवासी शिबिर खेड्यातच होतं. तुमच्या पंचक्रोशीत ते शिबिर केलेलं कोणीतरी नक्की सापडेल. श्रमदानाच्या टोळ्या कशा पाडायच्या आणि चाळीस जणांचं जेवण कसं उरकायचं, हे त्या व्यक्तीला ठाऊक असतं.

मे महिन्याचंही पाहा. चाकरमानी गावी असतात हे खरं, पण त्याच दिवसांत लग्नं असतात, आंब्याची घाई असते आणि पाण्याची ओढ असते. शिबिर मेमध्येच घ्यायचं तर मुक्कामाला पाणी कुठून येणार हे आधी विचारा. आणि दोन दिवस सलग घेण्यापेक्षा दीड दिवस आता घ्या, उरलेला अर्धा दिवस गणपतीत. मधल्या काळात मुलांनी काय करून पाहिलं, त्यावर तेव्हा बोलता येईल.

आमच्या मंडळात क्रिकेटचे सामने आणि सत्यनारायणाची पूजा सोडून काही होत नाही. मुली तर येतच नाहीत. दुसरे उपक्रम सुचवा.
(वाचक, डोंबिवली)

क्रिकेट बंद करू नका. ज्या मुलांना तुम्ही शोधताय ती त्या मैदानावरच आहेत. फक्त पुढच्या सामन्यांचं आयोजन अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांकडे सोपवा. प्रवेश फी, वेळापत्रक, पंच, पाण्याची सोय, हिशेब सगळं त्यांनी करायचं आणि त्यांनी विचारलं तरच मोठ्यांनी सांगायचं.

त्यापुढचा उपक्रम म्हणून मी वनराई बंधारा, म्हणजे ओढ्यात मातीने भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, सुचवते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकर लागतो, कारण उतार तीव्र आहेत आणि जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं. पाऊस थांबला पण ओढा अजून वाहतोय, अशा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दिवसांत ओढ्याची अरुंद जागा आणि दोन्हीकडे घट्ट काठ पाहून बंधारा घालायचा. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्या तीन चतुर्थांश भरायच्या, तोंड सुतळीने शिवायचं आणि विटांसारखे सांधे चुकवून थर रचायचे. पाया रुंद, माथा अरुंद. दोन रांगांमध्ये माती घालून दाबली की गळती कमी होते. जास्त उंची गाठायचा मोह टाळा. वीस-पंचवीस जणांत लहान बंधारा एका दिवसात होतो. आजूबाजूच्या विहिरींना पाणी थोडं जास्त दिवस टिकतं आणि गुरांनाही ते मिळतं.

तरुण नेतृत्वाच्या दृष्टीने हा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. जमीनमालकाला विचारायला कोणीतरी जावं लागतं. ग्रामपंचायतीला पत्र द्यावं लागतं. गोण्या जमवाव्या लागतात, आणि इथे मुंबईकरांचा खरा उपयोग आहे. आपल्या आसपास बांधकामं चालू असतात, तिथल्या रिकाम्या गोण्या गोळा करून गावी जाणाऱ्या टेम्पोत टाका. बंधारा झाल्यावर दोन मुलांनी जवळच्या विहिरीची पातळी दर रविवारी दोरी सोडून मोजायची आणि वहीत लिहायची. मार्चमध्ये ती वही ग्रामसभेत वाचली तर सरपंचांनाही ऐकावं लागेल.

वैयक्तिक उपक्रमही हवेत. अमेरिकेत ओहायो राज्यात १९०२ साली खेड्यातल्या मुलांचा एक क्लब सुरू झाला. तिथून पुढे वाढलेली चळवळ फोर-एच या नावाने ओळखली जाते. तिच्यातली एक पद्धत आपण जरूर उचलावी: प्रत्येक मूल स्वतःचं एक काम घेतं, मग तो मक्याचा वाफा असो की कोंबड्या, आणि त्याची नोंदवही स्वतः ठेवतं. मोठा स्वयंसेवक काम करून देत नाही, आठवड्याला येऊन वही पाहतो आणि प्रश्न विचारतो. आपल्याकडे पाच काजूची कलमं किंवा परसातला भाजीचा वाफा पुरे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकांत चांगली कलमं मिळतात.

सर्पदंशाचा प्रथमोपचार मात्र प्रत्येक मंडळाने शिकलाच पाहिजे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं भरपूर आहे, नाग, मण्यार आणि घोणसही आहेत. जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही. माणसाला धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही, अंगठी-बांगड्या काढायच्या, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. जवळ प्रतिविष कुठे मिळतं, हे मुलांनी आधीच चौकशी करून मंडळाच्या भिंतीवर लिहून ठेवावं.

आता मुलींचं. त्या येत नाहीत असं म्हणण्याआधी बैठकीची वेळ पाहा. रात्री साडेनऊला सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, जमणाऱ्या मंडळात कोणती आई मुलीला पाठवेल? बैठक दुपारी चारला शाळेत किंवा अंगणवाडीत घ्या, एक तरी बाई स्वयंसेवक म्हणून हजर ठेवा आणि पहिल्यांदा आयांशी बोलायला घरोघर जा. मुली आल्या की त्यांना रांगोळी आणि स्वागतावर बसवू नका. खजिनदार मुलगी करा.

मुंबईहून आम्ही पैसे पाठवतो, गावची मुलं खर्च करतात, हिशेब मात्र जुळत नाही. मंडळ रजिस्टर केलं तर प्रश्न सुटेल का?
(वाचक, लालबाग)

नोंदणीने हिशेब जुळत नाहीत. नोंदणी हवीच असेल तर किमान सात सदस्य लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते, आणि मग दरवर्षीचे हिशेब, विश्वस्त वगैरे बदलले की द्यायचे बदल अर्ज हे सगळं सांभाळावं लागतं. नवीन मंडळाने वर्ष-दोन वर्षं काम करून मग हा निर्णय घ्यावा असं माझं मत आहे. नोंदणी नसताना सणासाठी लोकांकडून वर्गणी काढायची असेल तर १९५० च्याच कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाकडून परवानगी घ्या.

हिशेबासाठी तीन सवयी लावा. पावतीशिवाय रुपया घ्यायचा नाही. पैसे काढायला दोघांची संमती लागेल. आणि कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांत जमाखर्च देवळाच्या किंवा शाळेच्या फळ्यावर लावायचा, नुसता मोबाइलवर पाठवायचा नाही. मुंबईकरांनीही एक पाळावं: ‘ही रक्कम घ्या आणि काहीतरी करा’ असं म्हणून पैसे पाठवू नयेत. आधी मुलांकडून एका पानाची आखणी मागवा, त्यावर प्रश्न विचारा, मग लागतील तेवढेच पाठवा.

आमच्या शिबिरात १३ ते १७ वयाची मुलंमुली दोन रात्री मुक्कामी राहणार आहेत. सुरक्षेचे नियम करू या म्हटलं, तर बाकीचे म्हणतात, सगळे घरचेच आहेत, कशाला हवेत नियम? मी आई म्हणून अस्वस्थ आहे.
(वाचक, परळ)

तुमची अस्वस्थता योग्य आहे आणि तुम्ही मागे हटू नका. मुलांना त्रास देणारी व्यक्ती बऱ्याचदा ओळखीतलीच असते. म्हणून ‘घरचेच आहेत’ हे नियम टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. नियम सगळ्यांना सारखे असले की कोणावर संशय घेतल्यासारखंही होत नाही.

पालकांचं लेखी संमतीपत्र, त्यात मुलाचं आजारपण, औषधं आणि फोन नंबर. मुलामुलींची झोपण्याची सोय वेगळी आणि मुलींच्या खोलीशेजारी दोन महिला स्वयंसेवक. कुठल्याही मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर बंद खोलीत किंवा आडबाजूला एकट्याने थांबायचं नाही, समजूत काढायची असली तरी चारचौघांच्या नजरेसमोर. स्वयंसेवकांनी मुलांना रात्री खासगी मेसेज करायचे नाहीत, जे कळवायचं ते गटावर. नदीवर, समुद्रावर किंवा धबधब्यावर पोहायला न्यायचं नाही. हे शिबिराच्या पहिल्या तासात मुलांनाही वाचून दाखवा, म्हणजे नियम मोडला तर त्यांनाही कळेल.

स्वयंसेवकांना कायदा माहीत हवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. वाडीची बैठक बोलावून मिटवायचा हा विषय नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक शिबिराच्या जागी मोठ्या अक्षरांत लावा. मुलाने काही सांगितलं तर ऐकून घ्यायचं, उलटतपासणी करायची नाही, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. स्वयंसेवकांकडून हे प्रसंग करून घ्या. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं. नुसतं वाचून ते अंगवळणी पडत नाही.

नेहरू युवा केंद्राकडून पूर्वी मंडळांना मदत मिळायची. आता कुठे जायचं?
(वाचक, ठाणे)

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘मेरा युवा भारत’ ही संस्था सुरू केली आणि आता तरुणांची नोंदणी तिच्या पोर्टलवर होते. तुमच्या गावच्या मुलांना जिल्ह्याच्या ठिकाणच्या युवा कार्यालयात जाऊन चौकशी करू द्या. अर्ज तुम्ही मुंबईत बसून भरून देऊ नका.

दर दोन वर्षांनी आमचं मंडळ बंद पडतं. जो मुलगा चांगलं चालवतो तो नोकरीसाठी मुंबई-पुण्याला येतो आणि मागे कोणी उरत नाही. याला काही उपाय आहे का?
(वाचक, विरार)

मुलगा गाव सोडणार हे धरूनच मंडळाची रचना करा. कोकणात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि त्यात त्या मुलाचा दोष नाही. प्रत्येक पदावर दोघांना ठेवा, एक बावीस-तेवीसचा आणि एक सतरा-अठराचा. लहान्याने वर्षभर सोबत काम करायचं आणि पुढच्या वर्षी पद घ्यायचं, मग थोरला गावात असो वा नसो. पदाची मुदत एकच वर्ष ठेवा. मंडळाची एक वही हवी: मंडप कोणाकडून आणला, किती पैसे दिले, परवानगी कोणत्या कार्यालयातून घेतली, गेल्या वेळी काय फसलं. जाणाऱ्याने ती वही बैठकीत सगळ्यांसमोर नव्याच्या हाती द्यावी. आणि मुंबईला आलेल्या मुलाने गटाचं ॲडमिनपद गावातल्याकडे सोपवावं, नाहीतर तो नकळत इथूनच मंडळ हाकू लागतो.

याहून महत्त्वाचं म्हणजे, गावात उरतं कोण ते नीट पाहा. मुलगे नोकरीला जातात, मुली लग्न होऊन जातात. लग्न होऊन आलेल्या सुना मात्र गावात राहतात. त्यांतल्या कित्येकींनी माहेरी बारावी, पदवी, कुणी राष्ट्रीय सेवा योजनासुद्धा केलेली असते आणि सासरच्या गावात त्यांना हे कधी कोणी विचारलेलंच नसतं. बावीस ते तिशीच्या या मुलींना मंडळ आपलं मानत नाही, कारण ‘युवक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेट खेळणारे मुलगेच येतात. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा वाडीतल्या अशा सुनांची यादी करा. त्यांच्या सासूबाईंना आधी भेटा, मग त्यांना. बैठकीची वेळ त्यांना विचारून ठरवा आणि लहान मुलं सोबत आणायची मुभा द्या. पहिलं काम त्यांच्याच पसंतीचं असू दे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. तिथे मंडळाचा एक विषय या सुनांनीच मांडला, तर तुमच्या पुढच्या दोन वर्षांची सोय झाली असं समजा.